बंद बाजू पुढे

कर्वेनगर, पुणे
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. तू, भाऊजी आणि मैत्री मजेत असाल. मी ठीक आहे. इथे पाऊस अधिकृतपणे संपला आहे, अनधिकृतपणे चालू आहे.

पत्र बघून तू घाबरशील म्हणून आधीच लिहिते, वाईट बातमी काही नाही. फोन तू स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटतेस आणि मी काहीही सांगितलं तरी मागून भाऊजी उत्तर देतात. मला काही गोष्टी क्रमाने सांगायच्या आहेत. त्याला कागद बरा.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर, पुस्तकांच्या स्टॉलपाशी, तू मला एक काम सांगितलंस. मैत्रीला शाळेत जायला सायकल हवी आहे, शाळा अडीच किलोमीटर आहे, तिच्या वर्गातल्या सहा मुली सायकलने येतात. तू नाही म्हटलंस की ती जेवत नाही. मावशी ब्रेकमधली इंजिनीअर आहे, मावशीने समजावलं तर ऐकेल. मी 'बघते' म्हणाले. मग तू म्हणालीस, "माझ्यावरच गेली आहे ती. तशीच धांदरट. मी पडले तशी पडेल." हे तू मैत्रीसमोर म्हणालीस, आणि ती तेव्हा माझ्याकडे बघत होती.

परत येताना रिक्षात तिने मला विचारलं, मावशी, तुला येते का सायकल? मी हो म्हणाले. शेवटची कधी चालवलीस, असं तिने विचारलं. मी तिला बाहेरची गर्दी दाखवली. अकरा वर्षांची मुलगी आहे, तिला कळलं असणार की मी विषय बदलला.

तर, जिची चाचणी मी घेतलेली नाही त्या गोष्टीवर मत देणं आमच्या कामात बसत नाही. म्हणून मी सायकल घेतली.

शिवणे भागातल्या आमच्या कंपनीत माझ्यासमोर शौनक बसतो. त्याचा जन्म सदाशिव पेठेतला आहे आणि तो हे रक्तगट सांगावा तसं सांगतो. त्याच्या बहिणीची सायकल गॅलरीत तीन वर्षं पडून होती, तिच्यावर त्याच्या घरचे टॉवेल वाळत घालायचे. त्याने ती मला दिली, अट एकच घातली की परत आणून द्यायची नाही. आकाशी रंगाची आहे. साधी, गिअर नसलेली, पुढे टोपली. टोपलीची मला गरज नव्हती, पण ती काढायला गेलं तर दिव्याची पट्टीही निघते, म्हणून ठेवली.

पहिल्या रविवारी सकाळी सहाला कालव्याच्या रस्त्यावर गेले. तिथे गाड्या कमी असतात आणि फिरायला येणारी माणसं जास्त. एक पूर्णांक आठ किलोमीटरमध्ये मी एक्केचाळीस वेळा पाय टेकवला. मोजत होते, कारण सुधारणा होते आहे की नाही हे कळायला आधीचा आकडा लागतो. तोल विसरत नाही हे खरं आहे. पण तोल सोडून बाकी सगळं विसरतं. मागे वळून बघताना हँडल कुठे जातं, थांबायच्या आधी कोणता पाय काढायचा, कुत्रा आडवा आला तर घंटी वाजवायची की त्याच्याशी बोलायचं. एका आजोबांनी मला तीन फेऱ्यांत तीनदा पाहिलं. चौथ्या वेळी थांबले आणि अगदी आदराने म्हणाले, "आपण सायकल चालवताय, की तिला फिरायला आणलंय?"

मी म्हणाले, दोन्ही. त्यांना ते उत्तर पटलं असावं. आता दिसले की मान हलवतात.

दुसऱ्या रविवारी, म्हणजे आज, एकोणीस वेळा. सीट दोन सेंटिमीटर वर घेतली, त्याचा फरक पडला. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात, पाय टेकावेत म्हणून. त्याने गुडघे दुखतात आणि सारखे पाय टेकवावेसे वाटतात.

उतार आला की मी अजून उतरते. कालव्यावरून खाली मुख्य रस्त्याला येताना शंभरेक मीटरचा उतार आहे. तिथे सायकल हातात धरून चालत येते. ब्रेक उत्तम आहेत, मी स्वतः तपासले आहेत.

मैत्रीला सांग की मावशीची माहिती गोळा करणं चालू आहे, निकाल लागलेला नाही. भाऊजींना जयभीम. कळावे, लोभ असावा.

तुझी,
नम्रता

ता. क. तुझं कोपर आता कसं आहे? थंडीच्या आधीच शेकायला सुरुवात कर.


कर्वेनगर, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

जयभीम. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस तुमच्याकडे राहून आले त्याला आता तीन आठवडे झाले. तू दिलेली चकली संपली. शौनकने निम्मी खाल्ली आणि म्हणाला की विदर्भातली चकली असूनही चांगली होती. ही त्याच्या बाजूने स्तुती आहे.

तू म्हणालीस की माझं आधीचं पत्र दोनदा वाचलंस आणि भाऊजींनाही वाचून दाखवलंस. म्हणजे कागदही तू स्पीकरवरच ठेवतेस. हरकत नाही. हेही वाचून दाखव.

सायकलची प्रगती सांगते. आता मंगळवारी आणि गुरुवारी मी तिच्यावरूनच शिवण्याला जाते. साडेपाच किलोमीटर. पहिल्या दिवशी सत्तावीस मिनिटं लागली, आता बावीस. एवढ्याच अंतराला कंपनीची बस पस्तीस घेते. वारज्याच्या अलीकडे एक स्कूटरवाल्या बाई माझ्या शेजारी सिग्नलला थांबल्या, मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "सराव करायला शहरात मैदानं आहेत की." मी म्हणाले, मैदानात कंपनी नाही. त्या हसल्या नाहीत, पण सिग्नल सुटल्यावर मला आधी जाऊ दिलं.

गेल्या शनिवारी बुधवार पेठेपर्यंत गेले. तापमान मोजायची एक तार हवी होती. ती मागवली की आठ दिवस लागतात आणि त्या गल्लीत दहा मिनिटांत मिळते. दुकानाच्या शेजारच्या भिंतीवर पाटी आहे. 'येथे वाहन लावू नये. सायकल हेही वाहनच आहे. वाद घालू नये, वेळ दोघांचाही जातो.' मी दुकानाच्या आत सायकल घेऊन गेले. मालकाने बघितलं आणि विचारलं की तिलाही काही दाखवू का.

येताना वेगळ्याच वाटेने आले. पेठांमधून, नदीच्या कडेने, जिथे वळावंसं वाटलं तिथे वळत. एका ठिकाणी पेरू घेतले आणि टोपलीत टाकले. तेव्हा टोपलीचा उपयोग कळला. घरी येऊन कुलूप लावताना लक्षात आलं की आज पाय किती वेळा टेकवला ते मी मोजलंच नव्हतं. बराच वेळ जिन्यात उभी होते. आकडा आठवायचा प्रयत्न केला, आठवला नाही.

तुला यात काही विशेष वाटणार नाही. तू तर एका हाताने चालवायचीस, दुसऱ्या हातात पुस्तक. हिंगणघाटच्या घरासमोर तू मला कॅरिअरवर बसवून आठचा आकडा काढायचीस. मी डोळे मिटायचे आणि तू म्हणायचीस, मिटू नको, बघ, मी कुठे बघते ते बघ. ते मला या महिन्यात आठवलं. त्याआधी कित्येक वर्षं आठवलं नव्हतं.

दिवाळीत जेवताना मैत्रीने पुन्हा सायकलचं काढलं आणि तू पुन्हा तो किस्सा सांगितलास. मी तो बहुधा शंभराव्यांदा ऐकला. तू हातातलं उलथणं हँडलसारखं धरतेस, डोळे मोठे करतेस, वेणा नदीच्या पुलाकडचा उतार, समोर बैलगाडी, आणि ही बाई ब्रेक दाबायचं विसरली. मग तू टेबलावर पडून दाखवतेस. भाऊजी म्हणतात, ब्रेक समजून घंटी दाबली असेल हिने. सगळे हसतात. आईही हसते. दर वेळी शेवटी तू उजवा हात समोर धरतेस, जो कोपरात पूर्ण सरळ होत नाही, आणि मैत्रीला म्हणतेस, बघ, धांदरटपणाचं बक्षीस.

मीही हसते. या वेळीही हसले.

मैत्री हसली नाही. तुझ्या लक्षात आलं का?

परवा गुरुवारी सायकलचे ब्रेक थोडे ढिले वाटले म्हणून इथल्या पुलाखाली मच्छिंद्र म्हणून एक सायकल दुरुस्त करणारे आहेत त्यांच्याकडे गेले. लोणी काळभोरचे आहेत, रोज पहाटे तिथून येतात. मी म्हणाले, ब्रेकची रबरं बदला, पण मला बघायचं आहे. ते म्हणाले, बघा की, तिकीट न्हाई. त्यांनी नवी रबरं काढली. ही रबरं पत्र्याच्या छोट्या पकडीत बसतात. पकडीची एक बाजू बंद असते आणि एक उघडी. त्यांनी बसवली. मी वाकून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा ते उभे राहिले आणि हात पुसत म्हणाले, "मॅडम, बंद बाजू पुढंच हाय. तीस वर्सं बसवतोय. उलटी बसवायला येडा व्हावं लागंल, नायतर नवशिका."

मी विचारलं, उलटी बसली तर काय होतं. मला माहीत होतं. तरी विचारलं. ते म्हणाले की तसं काही होत नाही, हळू चालवलं तर वर्षभरसुद्धा कळायचं नाही. फक्त जोरात दाबला की रबर उघड्या बाजूने सटकून बाहेर पडतं. "जितका जोरात दाबाल तितकं लवकर निघंल. जो ब्रेक दाबतोय त्यालाच दगा."

यावर मला अजून थोडं लिहायचं होतं. पण दोन पानं झाली, आणि हे तू मोठ्याने वाचते आहेस.

मैत्रीबद्दलचा माझा निकाल तयार आहे, पण त्याआधी तुला एक माहिती द्यावी लागेल. तोपर्यंत तिला हो किंवा नाही काहीच सांगू नकोस, एवढी विनंती.

तुम्ही एकतीस डिसेंबरला इकडे येऊन एक तारखेला भीमा कोरेगावला जाणार हे नक्की का? नक्की असेल तर गाद्यांचं बघते. कळावे, लोभ असावा.

तुझी,
नम्रता


कर्वेनगर, पुणे
रविवार, २१ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

जयभीम. हे पत्र एकटीने वाच. भाऊजींना दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर ठरव. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आमच्याकडे चाचणीत काही तुटलं की अहवाल लिहावा लागतो. आधी काय झालं ते, मग का झालं ते. कोणी केलं हे शक्यतो लिहीत नाहीत, कारण दोष पद्धतीत शोधायचा असतो, माणसात नाही. मी असे पुष्कळ अहवाल लिहिले आहेत आणि ते चांगले असतात असं वरिष्ठ म्हणतात. हा त्या नमुन्यात बसत नाही.

ऑगस्ट २००८. शनिवार, दुपार. तू अकरावी सायन्सला होतीस, मी आठवीत. तुझ्या सायकलचे ब्रेक घासत होते आणि तू दुकानात टाकायला निघाली होतीस. मी म्हणाले, मी करते. तू दुकानातून फक्त रबरं आणून दिलीस. मी अंगणात सायकल उलटी केली, सीटवर आणि हँडलवर उभी. तू पायरीवर बसून वही वाचत होतीस.

पकडीची एक बाजू बंद आहे हे माझ्या लक्षात आलं. का, याचाही मी विचार केला. चाक रबराला ओढणार, म्हणजे ज्या दिशेला ओढेल त्या दिशेला बंद बाजू हवी. हे बरोबर होतं. मग मी पेडल फिरवून चाकाची दिशा पाहिली. पण सायकल उलटी होती. उलट्या सायकलचं चाक वरच्या बाजूला मागे जाताना दिसतं, आणि मी वरच्या बाजूला पाहिलं. ब्रेक तेव्हा खाली होता. तिथे चाक पुढेच जात होतं. मी चारही रबरं उघडी बाजू पुढे करून बसवली. चाक फिरवलं, ब्रेक दाबला, चाक थांबलं. मी म्हणाले, झालं. तू वहीतून मान वर केलीस आणि म्हणालीस, माझी इंजिनीअर. मला हा शब्द पहिल्यांदा तू लावलास. इतर लोक नंतर लावायला लागले.

रविवारी तू गल्लीत चालवलीस, चांगली लागतात म्हणालीस. सोमवारी सकाळी कॉलेजला जाताना तू पुलाच्या उतारावर पडलीस.

इथपर्यंत जे झालं ते मी कधीतरी सांगू शकले असते. तेरा वर्षांच्या मुलीची चूक आहे. तू रागावली असतीस आणि मग हसली असतीस.

आई-बाबा तुझ्याजवळ दवाखान्यात होते. शेजारच्या बापूरावकाकांनी सायकल हातगाडीवर टाकून घरी आणली आणि अंगणात ठेवून गेले. घरात मी एकटी होते. मी जाऊन पाहिलं. पुढच्या ब्रेकच्या दोन्ही पकडी रिकाम्या होत्या. मागची एक रिकामी होती, दुसऱ्या पकडीतलं रबर अर्धं बाहेर आलेलं होतं. मला समजायला दहा सेकंदही लागले नाहीत.

जुनी, झिजलेली रबरं मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. मी पाना आणला. चारही पकडी सोडवल्या, फिरवल्या, जुनी रबरं घातली आणि घट्ट केल्या. या वेळी बंद बाजू पुढे. अर्धं आलेलं ते नवं रबर मागच्या गटारात टाकलं. वीस मिनिटं लागली असतील. माझे हात थरथरले नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचंच अजून नवल वाटतं.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी वाकडं झालेलं चाक कसंबसं फिरवलं, ब्रेक दाबून पाहिला, दोनदा. मग आईला म्हणाले, "ब्रेक तं बरोबर आहे. हिनंच दाबला नसन."

मी दारात उभी होते.

तू दवाखान्यात बाबांना म्हणालीस, मी दाबला होता. घरी आल्यावर म्हणालीस, दाबला होता ना बाबा, लागलाच नाही. त्यांनी तुला सायकल दाखवली. नंतर तू म्हणायला लागलीस, दाबला होता बहुतेक. दिवाळीत तू म्हणत होतीस की आठवत नाही. आणि पुढच्या वर्षी तू तो किस्सा पहिल्यांदा हसत सांगितलास, मावशींच्या घरी, बारशाला. हा बदल मी टप्प्याटप्प्याने ऐकला आहे. प्रत्येक टप्प्याला मी त्याच खोलीत होते.

सायकल विकली. तुझे दोन महिने बुडाले, प्रॅक्टिकल राहिली. बाबा म्हणाले, पुलापलीकडे रोज कोण सोडणार, जवळच्या कॉलेजात आर्ट्सला जा. तू गेलीस. तीन वर्षांनी मी अकरावीला गेले तेव्हा बाबांची बदली पुलापलीकडच्या कचेरीत झाली होती, ते मला स्कूटरवरून सोडायचे. त्याच पुलावरून. आई सगळ्यांना सांगायची, नम्रता समजूतदार आहे, तिने सायकल मागितलीच नाही.

तू अंगणवाडीतल्या मुलांना शिकवतेस, ते उत्तम शिकवतेस, आणि तुझं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा मला अधिकार नाही. आर्ट्सला तू तशीही गेली असतीस का, हे मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की तू निवडलं नाहीस.

एक गोष्ट मला सतरा वर्षांत सुटलेली नाही. रबरं मी बदलली होती हे फक्त तुला माहीत होतं. तू बाबांना ते एकदाही सांगितलं नाहीस. पडल्यामुळे विसरली असशील. किंवा विसरली नसशील. यातलं कोणतं मला जास्त जड जाईल, ते मी ठरवू शकलेले नाही. तू सांगितलं नाहीस तर मी विचारणार नाही.

बाबांना सांगायचं राहून गेलं. शेवटच्या महिन्यात मी त्यांच्याजवळ अकरा दिवस होते. वेळ नव्हता असं नाही.

मी ब्रेकच्या कामात का गेले, असं मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हणाले की सुरक्षिततेच्या विषयात रस आहे. ते खोटं नव्हतं. पण इतक्या वर्षांत जो निष्कर्ष मला रोज दिसत होता तो मी वाक्यात कधी मांडला नाही. तो मच्छिंद्रांनी पुलाखाली बसून एका ओळीत सांगितला. उलट्या पकडीतलं रबर आपोआप निघत नाही. ब्रेक जोरात दाबला तरच निघतं. पुढची दोन्ही निघाली होती आणि मागचं एक. पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा डाव्या. म्हणजे समोर बैलगाडी दिसल्यावर तू दोन्ही हात वापरलेस. जे करायला हवं तेच, आणि वेळेवर केलंस. याचा पुरावा होता. तो मी पाहिला आणि पुसला.

तुझी चूक नव्हती एवढंच मला सांगायचं नाही. तुझं बरोबर होतं, हे सांगायचं आहे.

आता मैत्री. तिला सायकल द्यायची की नाही हे तू आणि भाऊजी ठरवाल. रस्ता कसा आहे, शाळेसमोर ट्रक किती, हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. तू नाही म्हणालीस तरी तो निर्णय असेल आणि मी तिला तो समजावून सांगेन. पण ती तुझ्यावर गेली आहे म्हणून नको, हे कारण यादीतून काढून टाक. ती तुझ्यावर गेली असेल तर ती उतारावर दोन्ही हातांनी ब्रेक दाबेल. ब्रेक बसवणारा मात्र नीट बघून निवडा. मला विचारलंत तर मी बसवून देईन, आणि तुझ्यासमोर बसवेन. नाही विचारलंत तर तेही मला समजेल.

गुरुवारी शिवण्याहून परत येताना मी वळसा घेतला आणि म्हात्रे पुलाचा उतार सायकलवर बसून उतरले. तसा तो उतार म्हणण्याइतकाही नाही. काही झालं नाही. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी फारच हळू होते.

तुम्ही एकतीस तारखेला येताय. हे पत्र त्याआधी चार-पाच दिवस पोचावं म्हणून उद्या सकाळीच स्पीड पोस्टाने टाकते. हे वाचून तुला माझ्याकडे उतरायचं नसेल तर स्टेशनजवळ विहार आहे, तिथे राहण्याची सोय होते, मी चौकशी करून ठेवली आहे. फोन करून सांगायची गरज नाही. गाद्या मी आणलेल्या आहेत. सायकल खाली जिन्यात आहे, किल्ली दाराच्या मागे खिळ्याला. सीट मैत्रीच्या उंचीला खाली येते, मी मापून पाहिलं.

दर पत्राच्या शेवटी आपण लोभ मागतो. या वेळी मागत नाही.

ब्रेक तू दाबला होतास, ताई. दोन्ही हातांनी, पूर्ण जोराने. एवढं कळावे.

नम्रता